दहाचा आकडा आहे का, ते आधी बघा

काउंटरवरचा मुलगा फोमच्या खोक्यातून दुर्बीण अलगद काढतो, पुढचं-मागचं टोपण उघडतो आणि तुमच्या हातात देऊन म्हणतो, "समोरच्या गल्लीतली पाटी बघा सर. सहा ते चोवीस पट." पाटी वाचता येते. पाटीखालचा फोन नंबरही वाचता येतो. गिऱ्हाईक खूश, मुलगा खूश, आणि पाकीट खिशाबाहेर.

मीही असाच फसलो. फसलो म्हणजे दुकानदारानं खोटं काही सांगितलं नव्हतं. मलाच काय विचारायचं ते ठाऊक नव्हतं. बंदूक साधी छऱ्याची, पॉइंट वन सेव्हन सेव्हनची. सासवडकडच्या शेतात मातीच्या बांधाला पाठ देऊन दहा मीटरवर कागद लावला, डोळा दुर्बिणीला लावला, तर समोर धुकं. पट कमी करत आणली तेव्हा काळं वर्तुळ कसंबसं दिसायला लागलं, पण छर्रे पाहुण्यांच्या चपलांसारखे कुठेही पडत होते. आधी छऱ्यांना दोष दिला, तीन डबे बदलले. मग स्प्रिंगला, मग स्वतःच्या श्वासाला. दोन महिन्यांनी एका जुन्या नेमबाजानं दुर्बीण हातात घेतली, डाव्या बाजूचं बटण फिरवलं आणि त्यावरचे आकडे मला दाखवले: ५०, ७५, १००, २००, मग अनंताची खूण. "यात दहा कुठंय?" एवढंच त्यांनी विचारलं.

दुर्बिणीला पॅरलॅक्स जुळवायची सोय होती. पण ती पन्नास यार्डांपासून पुढे. माझा कागद होता दहा मीटरवर. नऊ हजार रुपये गेले ते असे.

पॅरलॅक्सला आपल्या परिभाषेत पराशय म्हणतात, पण बंदूकवाल्यांत हा शब्द कुणाच्या तोंडी नाही, म्हणून इथे पॅरलॅक्सच म्हणू. बारावी सायन्स केलेल्या प्रत्येकानं हे प्रकरण हातानं सोडवलेलं आहे. ऑप्टिकल बेंचवर आरसा नाहीतर भिंग, एक पिन, दुसऱ्या पिनेची उलटी प्रतिमा, आणि आपण वाकून मान डावीकडे-उजवीकडे हलवतोय. मान हलवली की पिन आणि प्रतिमा एकमेकींपासून सरकतात; पिन पुढेमागे करत एका जागी आणली की दोघी चिकटून हलतात. "पॅरलॅक्स काढला का?" असं सर ओरडायचे. बंदुकीच्या दुर्बिणीत नेमकं हेच आहे. पुढचं भिंग लक्ष्याची प्रतिमा नळीच्या आत तयार करतं. नेम धरायची फुली, म्हणजे रेटिकल, आत एका ठरलेल्या जागी बसवलेली असते. लक्ष्य जवळ आलं की प्रतिमा मागे सरकते आणि फुलीच्या पातळीवर राहत नाही. मग डोळा जरा कडेला गेला की फुली लक्ष्यावरून सरकलेली दिसते, बंदूक तसूभर हललेली नसतानाही. आपण फुली परत मध्यावर आणतो आणि बंदूक चुकीच्या दिशेला वळवून घोडा ओढतो.

किती चुकतं, याचा हिशेब अवघड नाही. पुढच्या भिंगाचा अर्धा व्यास घ्या. लक्ष्याचं अंतर आणि दुर्बीण ज्या अंतराला जुळवलेली आहे ते अंतर, यांतला फरक काढा, त्याला जुळवलेल्या अंतरानं भागा आणि दोन्हींचा गुणाकार करा. शिकारीच्या साध्या दुर्बिणी कारखान्यातूनच शंभर यार्डांना, म्हणजे ९१ मीटरला, पक्क्या केलेल्या असतात. चाळीस मिलिमीटरच्या भिंगाची अशी दुर्बीण दहा मीटरवर वापरली तर डोळा अगदी कडेला गेल्यावर चूक येते जवळजवळ १८ मिलिमीटर. दहा मीटर एअर रायफलच्या अधिकृत कागदावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि सगळी वर्तुळं मिळून साडेपंचेचाळीस मिलिमीटरची. मध्यापासून १८ मिलिमीटर सरकलेला छर्रा तीनच्या घरात जातो. हात स्थिर, श्वास धरलेला, घोडा रेशमासारखा ओढलेला, आणि गुण तीन.

आता तीच दुर्बीण तीनशे मीटरवर न्या. चूक येते साडेचार सेंटिमीटरच्या आसपास, तीही डोळा पार कडेला असेल तर. हरणाचा छातीचा मर्मभाग वीस-पंचवीस सेंटिमीटरचा. तिथे या चुकीनं काही बिघडत नाही.

म्हणजे दुकानात जे ऐकायला मिळतं, की पॅरलॅक्सचं बटण लांब पल्ल्यावाल्यांसाठी असतं आणि छऱ्याच्या बंदुकीला साधी दुर्बीण पुरे, ते निम्मं उलटं आहे. हजार यार्डांवर मारणाऱ्याला बटण लागतंच. पण त्याच्याइतकीच, माझ्या मते त्याच्याहून जास्त, गरज दहा ते पन्नास मीटरवाल्याला असते. मधला माणूस, दीडदोनशे यार्डांच्या आत शिकार करणारा, हाच असा आहे की ज्याला ते नसलं तरी चालतं. आणि नेमका तोच त्याच्यावर सगळ्यात जास्त पैसे घालतो.

माझा भाचा पेनसिल्व्हेनियात असतो. तिथे थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणांचा रायफल हंगाम सुरू होतो, ऑफिसातले निम्मे लोक नारिंगी जाकिटं घालून जंगलात जातात आणि हाही त्यांच्याबरोबर जायला लागला. फोन आला, "मामा, पाच-पंचवीस घेऊ का? साइड फोकस आहे. पाचशे डॉलर." साइड फोकस म्हणजे तेच बाजूचं बटण. मी विचारलं, गोळी किती लांबून मारतोस? म्हणाला, झाडी इतकी दाट की साठ-सत्तर यार्डांच्या पुढचं दिसतच नाही. मग पंचवीस पट घेऊन झाडाची साल बघणार आहेस का? त्याला मी तीन-नऊची, चाळीस मिलिमीटरची साधी दुर्बीण घ्यायला लावली. तिथे चांगल्या कंपनीची अशी दुर्बीण दोनशे ते तीनशे डॉलरला मिळते. ल्यूपोल्डच्या व्हीएक्स-फ्रीडम मालिकेतली तीन-नऊ दीडशे यार्डांना पक्की केलेली असते आणि वजनाला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरते. साइड फोकसच्या मोठ्या दुर्बिणी त्याच्या दुप्पट जड असतात, आणि दिवसभर चढउतार करताना ते वजन खांद्याला कळतं. शिवाय हरिण समोर आल्यावर बटण फिरवायला वेळ कुणाला आहे? बटण आदल्या दिवशीच्या जागी राहिलं, लक्ष्य अंधुक दिसलं, तोवर हरिण पसार.

तिथेच क्लबात कागदावर मारायचं असेल तर मात्र गणित बदलतं. पॉइंट ट्वेन्टीटूच्या एनआरएल ट्वेन्टीटू नावाच्या स्पर्धा अमेरिकेत गावोगाव होतात, त्यात अंतरं शंभर यार्डांपर्यंतची असतात आणि पंचवीस-तीस यार्डांवरची बारीक लक्ष्यंही येतात. अशांनी साइड फोकसची चार-सोळा नाहीतर सहा-चोवीस घ्यावी. व्होर्टेक्स, ॲथलॉन, बुशनेल यांच्या या वर्गातल्या दुर्बिणी साधारण साडेतीनशे ते पाचशे डॉलरच्या पट्टीत असतात. सातशे ते हजार डॉलरला काच स्पष्ट होते, मावळतीच्या उजेडात फरक दिसतो. नाइटफोर्स, श्मिट अँड बेंडर ही बहुतांशी दोन हजारांच्या पुढची मंडळी. ती ज्याला लागते त्याला हा लेख लागत नाही.

आता आपल्याकडे येऊ. आणि आल्याबरोबर कायद्याचं बोलून घेऊ, कारण दुकानात ते कुणी बोलत नाही. भारतात शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे. छऱ्याच्या बंदुकीनं ससा, मोर मारणं हाही गुन्हाच. पूर्वी कावळा, उंदीर, घूस वगैरे प्राणी 'उपद्रवी' म्हणून वेगळ्या परिशिष्टात होते; २०२२ च्या दुरुस्तीनं, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, ते परिशिष्टच गेलं. पिकात रानडुकरं शिरतात त्यासाठी वनखात्याच्या परवानगीची वेगळी वाट आहे, आणि छऱ्याच्या बंदुकीचा तिच्याशी संबंध नाही. त्यामुळे आपल्या वाचकासाठी दुर्बीण म्हणजे कागद, पत्र्याचे डबे आणि फिरत्या चकत्या यांच्यापुरतीच. बंदुकीचं म्हणाल तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीची आणि २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीची एअर रायफल विनापरवाना घेता येते. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मात्र दुकानदाराला द्यावा लागतो. "बिल नको, स्वस्त देतो" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

दुसरी गोष्ट आईवडिलांसाठी. मुलगी किंवा मुलगा बालेवाडीला नाहीतर वरळीच्या रेंजवर शिकायला जातोय आणि वाढदिवसाला दुर्बीण भेट द्यायचा बेत आहे, तर थांबा. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालत नाही. २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झालेली तेजस्विनी सावंत काय किंवा २०२४ मध्ये पॅरिसला पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे काय, ही सगळी मंडळी बारीक भोकाच्या पीप साइटमधून नेम धरतात. दुर्बीण त्यांच्याशेजारी तिकाटण्यावर उभी असते ती सरावात कागदावरची भोकं बघायला. मुलाच्या बंदुकीवर दुर्बीण चढवलीत तर त्याची सवय बिघडेल आणि प्रशिक्षक तुमच्यावर बिघडतील.

राहिला तो माझ्यासारखा हौशी. रविवारी शेतावर जाणारा, दहा, पंचवीस आणि हिंमत असेल तर पन्नास मीटरवर मारणारा. घरात कुणाकडे काकांची जुनी आयएचपी असते. इंडियन ह्यूम पाइप कंपनी, म्हणजे वालचंद हिराचंदांची, पाइपांबरोबर छऱ्याच्या बंदुकाही बनवायची हे नव्या पिढीला सांगून खरं वाटत नाही. कुणी आपल्या महाराष्ट्रातल्याच प्रिसिहोलची नवी घेतलेली असते. अशांनी काय घ्यावं आणि किती मोजावं?

सगळ्यात खाली आहे चार पटीची, वीस मिलिमीटरची, पेनासारखी बारीक दुर्बीण. सहाशे ते हजार रुपये. ती घेऊ नका. माशीनं, म्हणजे नळीवरच्या साध्या साइटनं, तुम्ही तिच्याहून बरं माराल. त्यावर तीन-नऊ चाळीसची, पॅरलॅक्स पक्का असलेली, दोन ते चार हजारांना. हिच्यावर बऱ्याचदा नामांकित अमेरिकी कंपनीचं नाव छापलेलं असतं आणि ते नाव खोटं असतं. त्या कंपनीची खरी दुर्बीण या भावात येऊच शकत नाही, एवढा तर्क पुरे. पंचवीस मीटरच्या पुढे, लहान पटीवर, ही कामचलाऊ आहे.

पुढची पायरी पाच ते दहा हजारांची, आणि हौशी माणसाचा पैसा इथेच सार्थकी लागतो. चिनी बनावटीची, नावापुढे 'एओ' लिहिलेली, चार-बारा किंवा चार-सोळा चाळीस. एओ म्हणजे पुढच्या भिंगाभोवतीचं कडं फिरवून पॅरलॅक्स जुळवायचा. दिसायला जुनाट. फिरवायला हात नळीच्या टोकापर्यंत न्यावा लागतो, म्हणून लोक नाक मुरडतात. पण रचना सोपी, बिघडायला आत फारसं काही नाही, आणि दहा यार्डांपर्यंत खाली येणं या प्रकाराला सहज जमतं. बाजूच्या बटणाची, म्हणजे 'एसएफ' लिहिलेली, धड दुर्बीण बारा हजारांपासून पंचवीसपर्यंत जाते. बटणाच्या दुर्बिणीत आतलं छोटं भिंग पुढेमागे सरकतं. दहा यार्डांपर्यंत खाली यायचं तर त्याला बराच प्रवास करावा लागतो, म्हणूनच स्वस्तातल्या बटणवाल्या पन्नासला नाहीतर पंचवीसला येऊन थांबतात. माझी नऊ हजारांची त्यातलीच. तीस हजारांच्या पुढे ब्रिटनच्या हॉकसारख्या छऱ्याच्या बंदुकीचा विचार करून बनवणाऱ्या कंपन्या येतात. हे भाव डॉलरप्रमाणे आणि दुकानाप्रमाणे हलतात, पण पायऱ्या याच राहतात.

बटण की कडं, यावर वाद घालणारे पुष्कळ. मी कड्याच्या बाजूचा. पडून किंवा टेबलावर टेकून मारणाऱ्याला दोन्ही सारखंच, आणि वाचलेल्या पाच-सात हजारांत दोन वर्षांचे छर्रे येतात. एकच ठिकाण असं आहे की जिथे बटणाला पर्याय नाही, ते म्हणजे ब्रिटनमधला फील्ड टार्गेट हा खेळ. तिथे पत्र्याच्या प्राण्यांमध्ये पंधरा ते चाळीस मिलिमीटरचं भोक असतं, लक्ष्य आठ ते पंचावन्न यार्डांत कुठेही, अंतर सांगत नाहीत आणि अंतर मोजायचं यंत्र चालत नाही. ही मंडळी बटणावर मोठी चकती, अगदी बशीएवढी, चढवतात. लक्ष्य पटकन स्पष्ट होईल तिथे थांबतात आणि चकतीवरच्या आकड्यावरून अंतर ओळखतात. म्हणजे पॅरलॅक्सचं बटण हीच त्यांची मोजपट्टी. त्याच देशात याचा धाकटा भाऊ आहे, हंटर फील्ड टार्गेट. त्यात एकदा सुरू केल्यावर दुर्बिणीच्या कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही असा नियम. ते लोक वीस-पंचवीस यार्डांना पॅरलॅक्स लावून ठेवतात आणि बाकीचं गालावर सोपवतात.

हे गालाचं प्रकरण फुकट आहे, म्हणून नीट ऐका. डोळा दुर्बिणीच्या बरोबर मध्यरेषेवर असेल तर पॅरलॅक्सची चूक शून्य. मग दुर्बीण शंभर यार्डांची असो की दोनशेची. चूक होते ती डोळा दरवेळी वेगळ्या जागी पडतो म्हणून. दुर्बीण बसवली की ती माशीपेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर वर जाते, दस्ता मात्र तेवढाच राहतो, आणि गाल हवेत लोंबकळतो. दस्त्यावर जुन्या योगा मॅटचा तुकडा ठेवून कापडी पट्टीनं घट्ट गुंडाळा, गाल टेकला की डोळा आपोआप मध्यावर येईल इतकी उंची ठेवा. मग डोकं हळूच मागे न्या; दृश्याभोवती काळी कडी दिसायला लागेल. ती चारी बाजूंनी सारखी जाड असली की डोळा मध्यावर. ज्यांच्याकडे दोन-चार हजारांची पक्की दुर्बीण आहे त्यांनी नवी घेण्याआधी हे करून बघावं. छऱ्यांचा गट निम्म्यावर आला तर माझे आभार मानू नका, योगा मॅटचे माना.

तरीही घ्यायचीच असेल तर दुकानातच परीक्षा घ्या. दहा यार्ड म्हणजे तीस फूट. काउंटरपासून तीस फुटांवर भिंतीला कालनिर्णय लटकवायला सांगा. नसेल तर औषधाचं खोकं ठेवा. दुर्बीण घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, पट सगळ्यात मोठी करा, कडं दहावर आणा. बारा पटीला तीस फूट म्हणजे डोळ्यांना अडीच फुटांसारखं. तिथीखालचा बारीक मजकूर वाचता आलाच पाहिजे. समोरच्या गल्लीतली पाटी वाचायला सांगतील, ती नम्रपणे नाकारा.

पण त्याआधी एक काम, जे शंभरातले नव्वद जण करत नाहीत. डोळ्याजवळचं कडं, आयपीसचं, आधी जुळवायचं. दुर्बीण पांढऱ्या भिंतीकडे किंवा आकाशाकडे (सूर्याकडे कधीही नाही) धरा, डोळे मिटा, उघडा आणि पहिल्याच क्षणी फुली काळीकुळकुळीत, धारदार दिसते का बघा. दोन सेकंद टक लावून पाहिलंत तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि तुम्हाला फसवतो. म्हणून मिटा, उघडा, कडं थोडं फिरवा, परत मिटा. चष्मा लावून मारणार असाल तर चष्म्यासकट. हे झालं नसेल तर लक्ष्य स्पष्ट दिसतं त्या जागी पॅरलॅक्स गेलेला नसतो, आणि पॅरलॅक्स जातो तिथे लक्ष्य अंधुक. मग लोक दुकानदाराशी भांडतात.

आता बारावीचा प्रयोग. टॉवेलवरच्या दुर्बिणीला हात न लावता डोकं वरखाली, डावीउजवीकडे हलवा. फुली तारखेच्या चौकोनावर चिकटून बसली पाहिजे. सरकत असेल तर कडं किंचित फिरवून पुन्हा. चिकटेल तो त्या अंतराचा खरा आकडा. कड्यावर छापलेला आकडा बहुतेकदा थोडा चुकीचाच निघतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मात्र कडं कुठेही थांबवलं तरी फुली चिकटतच नसेल, किंवा कडं फिरवताना खडखड वाजत असेल, तर दुर्बीण परत खोक्यात.

दुर्बिणीच्या किमतीत बसवायच्या कड्या, माउंट, धरायला लोक विसरतात. छऱ्याच्या बंदुकीवर बहुधा अकरा मिलिमीटरची खाच असते. जुन्या बंदुकीवर ती आहे का, हे आधी पाहा. स्प्रिंगच्या बंदुकीचा झटका विचित्र असतो. पिस्टन पुढे सुटतो तेव्हा बंदूक मागे येते, आणि पिस्टन टोकाला आपटला की पुढे. दोन्ही दिशांचे हे धक्के साध्या रायफलीच्या दुर्बिणीला सोसत नाहीत. आतली फुली फिरते किंवा भिंग सुटतं. म्हणून खोक्यावर 'एअरगन रेटेड' लिहिलेलं असावं आणि दुकानदारानं ते बिलावर लिहून द्यावं. याच झटक्यानं पाचशे रुपयांच्या दोन सुट्या कड्या दहा-वीस छऱ्यांत मागे सरकतात. एकसंध, तळाला अडवणारी खुंटी असलेला माउंट दीड ते तीन हजारांना येतो, तो घ्या. हवा भरून ठेवायच्या पीसीपी बंदुकीला झटका जवळजवळ नसतो, तिथे ही काळजी नको.

नळी मोडून भरायच्या बंदुकांची नळी बऱ्याचदा किंचित खाली झुकलेली असते, आणि दुर्बिणीचं वरखाली करायचं बटण संपतं तरी छर्रा खालीच लागतो. बटण शेवटापर्यंत पिळत बसू नका, तिथे फुली डळमळते. उतार दिलेला माउंट मिळतो, त्याला पाचशे-हजार जास्त.

क्लिकचा एक हिशेब सांगतो, कारण यावरून मला फोन येतात. दुर्बिणीवर 'पाव एमओए' लिहिलेलं असतं. म्हणजे बटणाच्या एका क्लिकला शंभर मीटरवर सात मिलिमीटर सरकतं. दहा मीटरवर एक मिलिमीटरसुद्धा नाही, पाऊणच्या आसपास. छर्रा दोन सेंटिमीटर खाली लागतोय म्हणून तुम्ही चार क्लिक दिलेत आणि काही झालं नाही, तर दुर्बीण खराब नाही. सत्तावीस द्यायला हवेत. दुर्बीण खरी आहे का हे बघायला दहा मीटरवर तीन छर्रे मारा, चाळीस क्लिक वर, तीन छर्रे, चाळीस उजवीकडे, तीन छर्रे, चाळीस खाली, तीन छर्रे, चाळीस डावीकडे आणि शेवटचे तीन. साधारण तीन सेंटिमीटरचा चौकोन उमटतो आणि शेवटचे तीन पहिल्या तीनांवर पडायला हवेत. हा खेळ सात दिवसांच्या बदलून मिळायच्या मुदतीत करा.

अमेरिकेतल्या नातेवाइकाला "येताना आण" सांगायचा मोह होतो. माझ्या भाच्यालाही मी सांगणार होतो. पण बंदुकीची दुर्बीण तिथल्या निर्यात-नियंत्रणाच्या यादीत येते. कॅमेऱ्याच्या भिंगासारखी ती बॅगेत टाकून निघायची वस्तू नाही. तिकडचे नियम तपासल्याशिवाय त्याला अडचणीत टाकू नका. आणि आजन्म हमी असली तरी दुरुस्तीसाठी इथून तिथे पाठवण्याचा खर्च आणि कागदपत्रं तुमच्याच माथी.

माझ्याकडे आता चार-बारा चाळीसची एओ आहे. दुर्बीण सात हजार, माउंट दोन, वाळू भरलेली जुन्या जीन्सची तंगडी फुकट. पहिल्या रविवारी शेतात टेपनं दहा, अठरा, पंचवीस, पस्तीस आणि पन्नास मीटरवर खुंट्या ठोकल्या, प्रत्येक खुंटीवर डोकं हलवून फुली चिकटवली आणि कड्यावर तिथे तिथे बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. कडं नेहमी अनंताकडून जवळ आणायचं, उलट फिरवलं तर आट्यांची ढील मध्ये येते आणि ठिपका चुकतो. दहा मीटरचा ठिपका छापील दहाच्या पुढे, तेराच्या जवळ पडलाय. उन्हाळ्यात भर दुपारी तो आणखी एखाद्या मिलिमीटरनं सरकतो, म्हणून त्यासाठी दुसरा ठिपका आहे, गुलाबी.